मामूंची गाडी आणि सरासरीचा आकडा

या पानावर मी एरवी शाळा, घर आणि मुले यांच्याविषयी लिहिते. या महिन्यात मात्र एका मोटारगाडीविषयी लिहिणार आहे. भाषा शिकवणाऱ्या बाईचा आणि इंजिनाचा काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण मे महिन्याच्या सुट्टीत पाच आठवडे बर्मिंगहॅमला धाकट्या मामूंकडे राहिले. त्यातले निम्मे दिवस त्यांच्या गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसण्यात गेले. तिथे जे पाहिले ते परत आल्यावरही डोक्यातून जात नाही. ते माझ्या गुणपत्रकाच्या वहीपर्यंत कसे पोहोचले, तेही सांगते.

मामू आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. आमचे नाना बोटीवर खलाशी होते. पुढे ते इंग्लंडात उतरले आणि तिथल्या कारखान्यात लागले. मामू तेव्हा मुंबईत भायखळ्याच्या एका गॅरेजात उमेदवारी करत होते. विशीत तेही नानांच्या मागोमाग गेले आणि जवळजवळ चाळीस वर्षे मोटारींचे पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये राबले. स्वतःसाठी त्यांनी आयुष्यात एकच चैन केली. १९८६ साली भंगारात निघालेली एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली आणि रविवारी रविवारी काम करून ती उभी केली.

ती गाडी म्हणजे १९७० सालची एमजी-बी. एमजी म्हटले की आपल्याला २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर दिसू लागलेल्या उंच, थोराड गाड्या आठवतात. मूळ एमजी मात्र ऑक्सफर्डची. मॉरिस गॅरेजेस या नावाची ही आद्याक्षरे. एमजी-बी हे मॉडेल ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गावात १९६२ ते १९८० पर्यंत बनत होते आणि पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. मामूंची गाडी दोन माणसांची, उघड्या टपाची आणि इतकी ठेंगणी आहे की आत बसताना मला साडी सोडून सलवार-कमीज घालावी लागली. इंजिन १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे. त्या इंजिनाच्या घराण्याला बी-सीरिज म्हणतात. त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे धाकटे भावंड आपल्या अॅम्बेसेडरमध्ये होते. मामूंनी भायखळ्याला हात काळे केले ते याच इंजिनावर. परक्या मुलखात ओळखीचे माणूस भेटावे तशी ती गाडी त्यांना भेटली, असे मुमानी सांगतात.

आता थोडे इंजिनाचे. घाबरू नका, मीही स्वयंपाकघराच्या भाषेतच समजून घेतले आहे.

पेट्रोल एकटे जळत नाही, त्याला हवा लागते. एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा हवी. हवा कमी पडली तर काय होते ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. गॅसची ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचे बूड काळे पडते. इंजिनातही तसेच होते. पेट्रोल जास्त झाले की काळा धूर, काजळी आणि वाया गेलेला पैसा. पेट्रोल कमी पडले तर इंजिन अडखळते आणि जोर लावताना आतून भलतेच तापते. हे प्रमाण राखण्याचे काम जुन्या गाड्यांत कार्बोरेटर करतो. लहानपणी डास मारायला फ्लिटचा पंप असायचा. आडव्या नळीतून हवा जोरात गेली की उभ्या नळीतले औषध आपोआप वर ओढले जाऊन फवारा उडायचा. कार्बोरेटरचे तत्त्व तेच. इंजिन श्वास घेते आणि त्या श्वासाबरोबर पेट्रोल ओढले जाते.

मामूंच्या गाडीला एसयू जातीचे दोन कार्बोरेटर होते. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्किनर भावांनी हा कार्बोरेटर काढला. त्यांच्या घराण्याचा धंदा पादत्राणांचा होता आणि पहिल्या कार्बोरेटरांत चामड्याचा भाता होता, हे ऐकून मला मोठी गंमत वाटली. पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. इंजिनाने जास्त हवा मागितली की दट्ट्या वर उचलला जातो. त्याच्या तळाला निमुळती होत गेलेली सुई असते. सुई वर गेली की खालचे छिद्र मोकळे होते आणि पेट्रोल जास्त येते. ना वीज, ना गणित. सुई किती निमुळती घासायची, यातच सगळी अक्कल.

दोन कार्बोरेटर असले की दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. ते जुळवायचे कसे? मामू रबरी नळीचे एक टोक कानाला लावत आणि दुसरे आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरत. आत जाणाऱ्या हवेचा सूं असा आवाज येतो. दोन्हीकडचा सूं सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग दट्ट्या बोटाने जेमतेम एक मिलिमीटर उचलून पाहायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बसू लागले तर पेट्रोल कमी. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आले तर प्रमाण बरोबर. ही तपासणी मामू डोळे मिटून करत. बर्मिंगहॅममधले गोरे शौकीनही आपल्या गाड्या त्यांच्याकडे घेऊन येत. पैसे ते कोणाकडून घेत नसत, फक्त चहा पीत.

मग कान गेले. वयामुळे ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात, आणि चाळीस वर्षे प्रेसच्या धडधडाटात उभे राहणाऱ्याचे ते लवकरच जातात. माणसांचे बोलणे मामूंना अजून समजते. तो बारीक सूं मात्र येत नाही. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. माझा मामेभाऊ मला म्हणाला, "आपा, अब्बा कायम नळी स्वतःच्या कानाला लावायचे. तीन वर्षांपूर्वी एकदा त्यांनी ती माझ्या कानाला लावली आणि विचारलं, कुठला मोठा येतो, डावा की उजवा? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. तेव्हा मला कळलं."

त्याच सुमारास पेट्रोलही बदलले होते. २०२१ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले. आपल्याकडे तर आता २० टक्क्यांचे पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या अंगात स्वतःचा ऑक्सिजन असतो. म्हणून त्याच सुईतून तेवढेच इंधन आले तरी मिश्रण पातळ पडते. शिवाय जुन्या रबरी नळ्या त्याने भुसभुशीत होऊन चिरतात. गाडी थंडीत अडखळू लागली, चढावर दम सोडू लागली. मामू स्क्रू फिरवत, ऐकू काही येत नसे, मग चिडून बॉनेट आपटत. होता होता गाडी गॅरेजमध्येच उभी राहू लागली आणि मामू घरात.

मुमानींनी मला जे सांगितले ते एवढेच, "गाडीचं सोड गं. हा माणूस टीव्हीसमोर बसून बसून माझ्यासमोर म्हातारा होत होता."

मामेभाऊ इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात आहे. त्याने सुचवले, कार्बोरेटर काढून इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवू या. आपल्याकडे आता बहुतेक मोटरसायकलींवर 'एफआय' लिहिलेले असते, तेच हे. यात पेट्रोल हवेबरोबर ओढले जात नाही. पंप ते दाबाने पुढे पाठवतो आणि इंजेक्टर नावाची बारीक तोटी विजेच्या इशाऱ्यावर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती उघडून फवारा सोडते. किती वेळ उघडायचे ते एक छोटा संगणक ठरवतो. हवेचा दाब, हवेची उष्णता, इंजिनातल्या पाण्याची उष्णता, पायाखालचा अॅक्सिलरेटर किती दाबला आणि इंजिन किती वेगाने फिरते, या सगळ्याची खबर त्याला तारांवरून मिळत असते. धुराच्या पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर बसवतात. जळून उरलेल्या वायूवरून तो सांगतो की पेट्रोल जास्त झाले की कमी, आणि संगणक लगेच सुधारणा करतो.

मामू ऐकून गरजले, "म्हणजे आता माझ्या गाडीला मास्तर लावणार?"

मुमानी म्हणाल्या, "एवढ्या पैशात माझा उमरा झाला असता."

दोघे बाप-लेक महिनाभर धड बोलले नाहीत. शेवटी मामूंनी दोन अटी घातल्या. गाडीच्या मूळ पत्र्याला एकही नवे भोक पाडायचे नाही, आणि काढलेली प्रत्येक वस्तू ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवायची, म्हणजे उद्या कोणाला वाटले तर गाडी पुन्हा जशीच्या तशी करता यावी. मुलाने दोन्ही कबूल केल्या. मला वाटते, त्या पेटीनेच मामूंचे मन वळवले.

काम हिवाळ्यात सुरू झाले. दोन कार्बोरेटर काढून दोन इंजेक्टर लावले की झाले, असे मी समजत होते. तसे नाही. कार्बोरेटरला पेट्रोल नुसते पोहोचले तरी पुरते, पण इंजेक्टरला साधारण ३ बारचा दाब लागतो, म्हणजे सायकलच्या टायरात असतो तेवढा. जुन्या पंपाचा दाब त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही नव्हता. म्हणून पंप नवा, नळ्या नव्या, त्याही दाब आणि इथेनॉल दोन्ही सोसणाऱ्या. उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी. वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला गेले तरी पंपाच्या तोंडी हवा जाऊ नये म्हणून मध्ये एक छोटी टाकी. अपघातात इंजिन बंद पडले तर पंपही आपोआप बंद व्हावा अशी व्यवस्था. यात मामेभावाने कुठेच काटकसर केली नाही. दाबाखालच्या पेट्रोलची नळी गरम इंजिनावर सुटली तर गाडी आणि माणूस दोन्ही जातात, असे तो म्हणाला.

इंजिनाच्या पुढच्या पुलीवर ३६ दात्यांचे चक्र बसवले. त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला असतो. शेजारचा सेन्सर दाते मोजत राहतो, आणि गाळलेली जागा आली की इंजिन फेऱ्यात कुठे आहे ते संगणकाला कळते. संगणक 'मेगास्क्वर्ट' नावाचा. ब्रूस बोलिंग आणि अॅल ग्रिपो या दोन अमेरिकनांनी या शतकाच्या सुरुवातीला तो काढला तो अशाच घरगुती कारागिरांसाठी, सुटे भाग आणून स्वतः झाळून जोडता यावा असा. कार्बोरेटरच्या सुईची जागा आता एका तक्त्याने घेतली. एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला त्याच्यावरचा भार, आणि प्रत्येक रकान्यात पेट्रोलचा आकडा. मला तो अगदी आपल्या गुणांच्या तक्त्यासारखा दिसला.

मी पोहोचले त्या आठवड्यात गाडी पहिल्यांदा सुरू झाली. चोक ओढणे नाही, पाय मारणे नाही, किल्ली फिरवली आणि इंजिन लागले. पुढच्या फळीवर हवा आणि पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा छोटा गोल काटा बसवला होता. त्यावर आकडा आला १४.७. पुस्तकात लिहिलेला, नेमका. मामेभावाने आनंदाने टाळी वाजवली. मुमानींनी खिडकीतून "माशाअल्लाह" म्हटले. मीही मोबाइलवर फोटो काढला.

मामू काही बोलले नाहीत. त्यांनी आपला पंजा इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "लंगडतंय."

"अब्बा, आकडा बघा ना. बरोबर आहे."

"आकडा बरोबर असेल. इंजिन लंगडतंय."

मुलाने लॅपटॉप उघडला. सगळे सेन्सर ठीक, प्रमाण ठीक, कुठेही चूक दाखवत नव्हते. त्याच्या चेहऱ्यावर आलेला भाव मी ओळखला. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या बापाला दुखवायचे नाही आणि त्याचे खरेही मानायचे नाही, असा तो भाव होता.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मामूंनी मला उठवले. "चल बाय, फिरून येऊ." शहराच्या दक्षिणेला लिकी नावाच्या टेकड्या आहेत. रस्त्यावर कोणी नव्हते. मामूंनी चढावर गाडीला पुरता जोर दिला, मग एकाएकी क्लच दाबून इंजिन बंद केले आणि तसेच घरंगळत कडेला थांबले. डिकीतून पाना काढला, चारही स्पार्क प्लग काढले आणि माझ्या हातातल्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. इंजिन चालता चालता बंद केले की प्लगच्या टोकावर त्या क्षणाचा रंग राहून जातो. बरोबर जळत असेल तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी. पेट्रोल जास्त तर काळा. कमी तर पांढरा फटक.

चार प्लगांपैकी मधले दोन काळे होते, कडेचे दोन पांढरे.

मामू हसले नाहीत, जिंकल्यासारखेही वागले नाहीत. वर्तमानपत्राची घडी घालून त्यांनी ते जपून माझ्या मांडीवर ठेवले. "घरी नेऊन त्याला दाखव," म्हणाले, "मी दाखवलं तर त्याला राग येईल."

चूक कुठे होती ते मुलाला प्लग पाहताच कळले. या इंजिनाची रचना जुनी आहे. सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोल आत घेण्याची दारे दोनच. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला मिळून एक दार, तिसऱ्या-चौथ्याला मिळून एक. शिवाय त्यांचा क्रम १-३-४-२ असा. म्हणजे एका दारावर आधी दुसरा सिलिंडर येतो आणि त्याच्या पाठोपाठ लगेच पहिला. मग बराच वेळ कोणीच नाही. पुन्हा दुसरा, पहिला. दुसऱ्या दारावर तसेच, आधी तिसरा, मग चौथा. इंजेक्टर अगदी दाराजवळ होते. मधल्या रिकाम्या वेळात सोडलेले पेट्रोल दाराशी साचून राही. आधी येणारा ते ओढून घेई आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला नुसती हवा उरे. मधले दोन तुंबलेले, कडेचे दोन उपाशी. कार्बोरेटरात हा प्रश्न एवढा जाणवत नसे, कारण तिथे पेट्रोल लांबून हवेत मिसळूनच येई.

मग काट्यावर १४.७ कसे? कारण सेन्सर बसवला होता चारही सिलिंडरांचा धूर एकत्र येतो त्या पाइपात. दोघांना जास्त, दोघांना कमी, सरासरी अगदी बरोबर. संगणकाला सरासरी मिळत होती आणि तो समाधानी होता. तसेच पळवत राहिलो असतो तर कडेच्या दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह तापून जळण्याचा धोका होता, आणि तोवर काट्यावर १४.७ च दिसत राहिले असते.

उपाय वेळेचा होता. सर्वांना एकदम देण्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पाळीला द्यायचे. दुसरा श्वास घेतो तेव्हा त्याच्यापुरता फवारा, मग पहिला घेतो तेव्हा त्याच्यापुरता वेगळा. त्यासाठी पाळी कोणाची आहे ते संगणकाला कळायला हवे. पुढच्या पुलीवरून ते कळत नाही, कारण सिलिंडरची एक पाळी पुरी होईपर्यंत ती पुली दोनदा फिरते. डिस्ट्रिब्युटर मात्र तेवढ्या वेळात एकदाच फिरतो. ठिणगीचे काम संगणकाकडे गेल्यामुळे तो रिकामाच होता. मूळचा पेटीत ठेवून त्यांनी जुन्या बाजारातून दुसरा आणला, तो कापून त्यात एक सेन्सर बसवला. फवाऱ्याला आता थोडाच वेळ मिळणार म्हणून इंजेक्टर मोठ्या तोंडाचे घेतले. अशा जोडदारी इंजिनांसाठी वेगळी आज्ञावली मिळते, ती भरली. मग रोज संध्याकाळी एकच कार्यक्रम. मामू चाकावर, मुलगा शेजारी लॅपटॉप घेऊन, लिकीचा चढ, इंजिन बंद, प्लग बाहेर. काळ्याचा काळेपणा आणि पांढऱ्याचा पांढरेपणा रोज थोडा थोडा उतरत गेला. मी निघायच्या आधीच्या जुम्याला चारही प्लग जवळजवळ एका रंगाचे आले. मामूंनी पुन्हा झाकणावर पंजा ठेवला आणि मान हलवली. मुलगा लॅपटॉपकडे पाहतच नव्हता, तो बापाच्या पंजाकडे पाहत होता.

गॅरेजच्या फळीवर ती पेटी आहे, चिठ्ठ्या बांधलेली. रबरी नळीही तिच्यातच आहे.

इथे दोन गोष्टी आपल्या वाचकांसाठी. घरात जुनी फियाट किंवा अॅम्बेसेडर असेल आणि कोणाला हुरूप आला असेल तर थांबा. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या, म्हणजे १९८८ च्या कायद्याच्या, कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. आधी आरटीओत विचारा. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना बरीच मोकळीक आहे, ती आपल्याकडे धरून चालू नका.

दुसरी गोष्ट गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि जवळजवळ सगळ्या नव्या मोटरसायकली इंजेक्शनवर आल्या. माझे काही जुने विद्यार्थी या धंद्यात आहेत. त्यांच्यातल्या थोरल्यांना वाटते की स्कॅनर आला, आता हाताची किंमत संपली. धाकट्यांना वाटते की स्कॅनर आहे, आता हात कशाला हवा. दोघांनीही मामूंच्या मांडवात एक दिवस बसायला हवे होते. मुलाला लॅपटॉप शिकवाच, त्यासाठी इंग्रजी आणि गणित लागेल तेही शिकवा. पण प्लग कसा वाचायचा ते उस्तादाकडून शिकल्याशिवाय त्याला तिथून उठू देऊ नका.

आता माझी गोष्ट. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये नववीच्या माझ्या वर्गाची मराठीची सरासरी ५८ आली. आदल्या वर्षी ती ५१ होती. मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर कौतुक केले आणि मी पेढे वाटून विमानात बसले. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तीच मुले दहावीत माझ्यासमोर आली. पहिल्या दिवशी गुणपत्रकाची वही उघडली आणि सरासरीच्या रकान्यावर कागद ठेवून झाकला. मग एकेक नाव वाचले. सत्तरच्या वर बरीच मुले होती. चाळीसच्या खालीही बरीच होती. अठ्ठावन्नच्या आसपास जेमतेम तीन.

वर कोण? ज्यांच्या मोहल्ल्यात, घरात, आजीच्या तोंडी मराठी आहे ती मुले. खाली कोण? ज्यांचे आईवडील कामासाठी दुसऱ्या राज्यांतून आले, ज्यांना मराठी फक्त माझ्या तासाला ऐकू येते ती. मी प्रश्न विचारते तेव्हा पहिल्या मुलांचे हात लगेच वर येतात. उत्तर मिळाले की मी पुढे जाते. मागून येणाऱ्याच्या वाट्याला काय उरत होते? वीस वर्षे शिकवते आहे, बीएड केले आहे, आणि हे मला एका मोटारीच्या प्लगांवरून कळावे, याची लाजही वाटली.

या महिन्यापासून मी एवढेच बदलले आहे. तासाची शेवटची बारा मिनिटे त्या मागच्या मुलांची, त्या वेळात हात वर करायला पुढच्यांना मनाई. पुढच्यांना तेवढ्या वेळात लिहिण्याचे वेगळे, कठीण काम. आठवड्यातून एकदा पाच-सहा वह्या घरी आणते, पाळीपाळीने, आणि गुण न देता नुसत्या वाचते. फरक किती पडेल ते आज सांगू शकत नाही. दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगी, जी वर्षभर माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलली नव्हती, तासानंतर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, माझी पाळी उद्या आहे ना?"

परवा मामूंचा व्हिडिओ कॉल आला. मागे गाडीचे बॉनेट उघडे होते. मी त्यांना वर्गाचे सांगितले. त्यांना नीट ऐकू आले की नाही ते कळले नाही, कारण ते मध्येच मोठ्याने म्हणाले, "सगळ्यांची सहामाही झाली की पुन्हा एकदा बघ. एकदा रंग आला म्हणजे कायमचा येत नाही, बाय. दर थोड्या दिवसांनी काढून बघावं लागतं."